घर आणि शाळा : फोन पालकांसाठी, पाठ मुलांसाठी

शाळेचे दार बंद झाले म्हणजे शिक्षण थांबले, असे आता कोणी म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि फळा, खडू व बाक यांच्या जागी मोबाईलचा पडदा आला. साथ ओसरली, मुले वर्गात परतली. परंतु पडदा मात्र शिक्षणातून गेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली व आसपासच्या भागांतील हवा अतिशय दूषित झाली, तेव्हा लहान मुलांचे वर्ग प्रथम ऑनलाइन भरले आणि पुढे काही मुले वर्गात व काही घरी अशा संमिश्र पद्धतीने भरू लागले. कोठे अतिवृष्टी होते, कोठे उष्णतेची लाट येते. शाळेला सुट्टी जाहीर होताच पालकांच्या मोबाईलवर त्या दिवसाचा पाठ येऊन पडतो. इतर दिवशीही संध्याकाळी पालकांच्या गटावर गृहपाठ येतो, एखादी चित्रफीत येते, कविता येते. अर्धे शिक्षण शाळेत व अर्धे पडद्यावर, ही रीत आपल्याकडे हळूहळू रुळू लागली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मोठ्या मुलांच्या बाबतीत या रीतीचे गुणदोष निराळे आहेत. या लेखात विचार करावयाचा आहे तो तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने याच वयाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आहे. पायात दगड वेडावाकडा बसला तर वरची भिंत कितीही घोटून गुळगुळीत केली तरी ती कललेलीच राहते. म्हणूनच या वयाच्या मुलाला पडद्यासमोर बसविताना आपण नेमके काय करीत आहोत, हे प्रत्येक पालकाने नीट समजून घेतले पाहिजे.

मूल कोणाकडून शिकते?

अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या तान्ह्या मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील या बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्ष समोर बसून खेळल्या, बोलल्या, त्यांना पुस्तके दाखविली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे, तीच पुस्तके पडद्यावर दाखविण्यात आली. पहिल्या गटातील बाळांना चिनी भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. पडद्यासमोरील बाळे मात्र, ती भाषा कधीच न ऐकलेल्या बाळांपेक्षा पुढे गेली नाहीत. ध्वनी तेच होते आणि वेळही तेवढाच होता. उणीव होती ती समोरच्या माणसाची.

यावरून पडदाच मुळी वाईट असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही घाईचा ठरेल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सुमारे दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकविण्यात आली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवरून, तर काहींना आधीच चित्रित करून ठेवलेल्या फितीवरून. चित्रफीत पाहणारी मुले शिकली नाहीत. परंतु व्हिडिओ कॉलवरची मुले प्रत्यक्ष शिकणाऱ्या मुलांप्रमाणेच शिकली. फरक कशात होता? कॉलवरची व्यक्ती मुलाच्या बोलण्याला उत्तर देत होती, त्याचे लक्ष कोठे आहे ते पाहत होती, ते थांबले की थांबत होती. चित्रफीत मात्र कोणासाठी थांबत नाही. मूल झोपले तरी ती हसतच राहते.

तात्पर्य असे की, लहान मूल शिकते ते प्रतिसादातून. त्याने दगड उचलला की कोणीतरी विचारले पाहिजे, "हा कुठे रे सापडला?" त्याने चुकीचा शब्द वापरला की कोणीतरी योग्य शब्द सहज आपल्या वाक्यात घालून परत दिला पाहिजे. हे देणेघेणे जेथे आहे तेथे शिक्षण आहे, मग ते वर्गात असो, ओट्यावर असो वा दूरध्वनीवर असो. आणि हे जेथे नाही तेथे कितीही रंगीत चित्रे नाचली तरी मूल केवळ गुंतून राहते. गुंतणे आणि शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पडद्यातून जे जात नाही

अक्षर गिरविण्याचेच उदाहरण घेऊ. 'व' काढताना हात कोठून सुरू होतो, गोल कोणत्या दिशेने वळतो, शिरोरेषा आधी ओढली जाते की शेवटी, पेन्सिल किती घट्ट धरली आहे, हे सारे शिक्षिकेने डोळ्यांनी पाहावयाचे असते. ऑनलाइन पाठानंतर मूल वहीचे पान लिहिते, आई त्याचे छायाचित्र काढून पाठविते आणि शिक्षिका त्यावर तारा देते. त्या छायाचित्रात अक्षर दिसते, पण ते अक्षर काढणारा हात दिसत नाही. चुकीच्या वळणाची सवय अशा रीतीने महिनोन् महिने सुंदर ताऱ्यांच्या आड वाढत राहू शकते.

उच्चारांचेही तसेच. 'न' आणि 'ण', 'स' आणि 'श' यांतील भेद शिक्षिकेने तोंडाजवळून ऐकावा लागतो, जीभ कोठे टेकते ते दाखवावे लागते. वीस मुलांचे आवाज एकाच वेळी फोनवर आले की तो भेद गोंगाटात बुडून जातो. एका सुरात कविता म्हणणे ही बालवर्गातील केवढी आनंदाची गोष्ट! परंतु प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचत असल्याने पडद्यावर हा सूर जमतच नाही. आणि मग सर्वांचे आवाज बंद करून एकटी शिक्षिका गात राहते.

शिवाय मातीचा गोळा मळणे, रांगेत उभे राहणे, झोपाळ्यासाठी पाळी धरणे, भांडणे आणि पुन्हा गट्टी करणे हाही या वयाचा अभ्यासक्रमच आहे. तो समवयस्क मुलांच्या संगतीतच पुरा होतो. म्हणून संमिश्र पद्धतीची आखणी करताना पहिला नियम हा असावा की, हात, जीभ आणि सोबती यांची ज्याला गरज आहे ते सर्व प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवावे. शाळेचे थोडेच दिवस हाती असतील तर ते लेखन, उच्चार, गाणे व खेळ यांना द्यावेत.

शाळा मुलाकडे गेली तेव्हा

मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार आपल्या देशाला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि त्यांच्या कामात अनुताई वाघ यांची आयुष्यभराची साथ होती. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीच्या इमारतीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. शंखशिंपले, पाने, बिया आणि खडे हे तेथील शैक्षणिक साहित्य होते. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशाच्या कानाकोपऱ्यांत परिचयाचा आहे. त्यामागील मूळ कल्पना अशी साधी व खोल होती. मुलाकडे जी गेली ती नुसती माहिती नव्हती. त्याच्याशी बोलणारे, त्याचे नाक पुसणारे, त्याच्याबरोबर खेळणारे माणूस गेले होते.

दुरून शिक्षण पोहोचविण्याचा भव्य प्रयोगही आपण फार पूर्वी केला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम पाच ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी, तर संध्याकाळचे मोठ्यांसाठी असत. याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. त्यासाठी दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणी, छापील साहित्य, हाताने करावयाचे प्रयोग आणि गटचर्चा यांची योजना होती. आज आपण ज्याला संमिश्र शिक्षण म्हणतो त्याचे हे जुने व सुबक उदाहरण होय. पडद्याने दाखवावे, माणसांनी मिळून करून पाहावे, ही त्यातील कामाची वाटणी आजही जशीच्या तशी घेण्याजोगी आहे.

साथीच्या काळातही ज्यांनी ही वाटणी ओळखली त्यांना मार्ग सापडले. झारखंडच्या दुमका जिल्ह्यातील डुमरथर गावी मुलांकडे मोबाईल नव्हते, तेव्हा घरांच्या मातीच्या भिंतींवर मुलांसाठी फळे रंगविण्यात आले. प्रत्येक मूल आपल्या घराच्या भिंतीशी बसे आणि शिक्षक ध्वनिवर्धक घेऊन गल्लीतून फिरत शिकवीत. महाराष्ट्रात २०२० च्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तीत पुस्तकातील धडा वाचून दाखविण्याऐवजी घरातील व परिसरातील वस्तू घेऊन कृतींतून शिकण्याची दिशा होती. साधने भिन्न होती. परंतु मुलाच्या हाताला काम देण्याचा विचार दोन्हीकडे सारखाच होता.

साथीच्या वर्षांनी काय शिकविले?

याउलट जेथे फोन हीच शाळा झाली तेथे काय घडले, हे आकडेच सांगतात. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालानुसार २०२१ मध्ये शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तथापि अशा घरांतील सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता, आणि जवळजवळ निम्म्या मुलांना तो कधीमधीच मिळे. कारण उघड आहे. घरात फोन एक असतो आणि तो वडिलांच्या खिशातून कामावर जातो. संध्याकाळी तो परत आला की मोठ्या भावाची परीक्षा आधी, धाकटीची कविता नंतर. आणि तिची पाळी येईपर्यंत ती पेंगलेली असते.

याचा परिणाम वाचनावर झाला. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. शाळा पूर्ववत सुरू झाल्यानंतर २०२४ मध्ये ते २७.१ टक्क्यांपर्यंत वर आले. गेलेले परत मिळविता येते, ही यातील आशेची बाजू. पण तिसरीतल्या चार मुलांपैकी जवळजवळ तिघांना अजूनही नीट वाचता येत नाही, ही चिंतेची बाजू अधिक मोठी आहे. ज्या मुलाला तिसरीत वाचता येत नाही त्याच्यासाठी चौथीचे इतिहासाचे पुस्तक, पाचवीचे विज्ञान, सारेच बंद कुलपासारखे होते. तेव्हा हा प्रश्न सोयीचा नसून मुलाच्या पुढील सर्व शिक्षणाचा आहे.

मग लहानांसाठी फोन निरुपयोगीच समजावा काय? तसेही नाही. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनहून अधिक तासिका नसाव्यात, असे त्यांत म्हटले होते. पूर्वप्राथमिक वर्गांबाबतची सूचना मात्र अतिशय मार्मिक होती. तेथे दिवसाला ३० मिनिटांपेक्षा अधिक नाही, आणि ती ३० मिनिटेही पालकांशी बोलण्यासाठी व त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी! मुलाला पडद्यासमोर बसवा असे ती सूचना म्हणत नव्हती. पालकांशी बोला, असे ती म्हणत होती. दुर्दैवाने अनेक ठिकाणी नेमका हाच भाग नजरेआड झाला आणि चार वर्षांची मुले गणवेश घालून, केस विंचरून तास तास पडद्यासमोर बसविली गेली.

त्याच २०२० साली आफ्रिकेतील बोट्सवाना देशात सुमारे ४,५०० कुटुंबांत एक पाहणी झाली. तेथील मुले आपल्या विचारातील मुलांहून थोडी मोठी, म्हणजे तिसरी ते पाचवीची होती. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे लहानसे उदाहरण केवळ लघुसंदेशाने पाठविले. काहींना त्या संदेशाच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा दूरध्वनी येई. शिक्षक पालकाला मुलाजवळ बसावयास सांगे, आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून तिघे मिळून उदाहरण सोडवीत. नुसत्या संदेशाने म्हणण्याजोगा फरक पडला नाही. दूरध्वनीची जोड मिळालेल्या मुलांचे गणित मात्र निश्चित सुधारले. यासाठी स्मार्टफोन लागला नाही, साधा फोन पुरला. फोनवरून पालकाला हाताशी धरा, म्हणजे पालक मुलाला हाताशी धरील, हा या साऱ्याचा सरळ बोध आहे.

घरी कसे करावे?

शिक्षिकेने पाठविलेला संदेश मुलाच्या हाती देण्याऐवजी आईने, वडिलांनी किंवा आजोबांनी तो आधी स्वतः पाहावा किंवा ऐकावा आणि मग फोन बाजूला ठेवून मुलाकडे वळावे. चांगल्या संदेशात तीन गोष्टी असाव्यात: आज काय करावयाचे, करताना मुलाला काय विचारावयाचे, आणि उद्या शाळेत काय घेऊन यावयाचे. शाळेकडून असा संदेश येत नसेल तर पालकांनी शिक्षिकेकडे तो आग्रहाने मागावा.

संख्याज्ञानाचा पाठ स्वयंपाकघरात उत्तम होतो. घेवडा किंवा गवार निवडताना मुलाला शेंगा मोजावयास सांगाव्यात. दहा झाल्या की एक ढीग, पुन्हा दहा झाल्या की दुसरा ढीग. तीन ढीग झाले आणि चार शेंगा उरल्या, तर त्या किती? चौतीस हा आकडा मुलाला अशा रीतीने हाताने समजतो. 'तीन दहा आणि वर चार' हे त्याच्या तोंडून आले म्हणजे एकक-दशकाचा पाठ झाला, असे समजावे. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षिकेने काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या पुढे केल्या की मूल आपण होऊन म्हणते, "हे तर आमच्या शेंगांसारखे!"

भाषेचा पाठही असाच सहज होतो. "चहा कसा करतात ते मला सांग पाहू," असे मुलाला विचारावे. ते सांगेल त्यातील तीन वाक्ये त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावीत आणि त्यांच्याखाली बोट फिरवीत त्याच्याबरोबर वाचावीत. स्वतः बोललेले वाक्य कागदावर उतरलेले पाहून मुलाला अक्षरांचे प्रयोजन कळते. हा कागद शाळेत न्यावा.

परिसराचा पाठ अंगणात, गच्चीवर किंवा सज्जात होईल. सकाळी नऊ वाजता मुलाला उभे करून त्याच्या सावलीभोवती खडूने रेघ ओढावी. बारा वाजता त्याच जागी पुन्हा, चार वाजता पुन्हा. सावली केव्हा लांब झाली, कोणत्या बाजूला गेली, हे त्याला विचारावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. "असे का झाले असेल?" एवढे विचारून स्वस्थ राहणे हीही एक कला आहे आणि ती पालकांना प्रयत्नानेच साधते.

आई-वडील लिहिते-वाचते नसतील तरी यातील बहुतेक सर्व त्यांना करता येते. शेंगा मोजावयास, सावली पाहावयास, गोष्ट ऐकून "मग काय झाले?" असे विचारावयास साक्षरता लागत नाही. अशा पालकांसाठी शिक्षिकेने लेखी मजकुराऐवजी आपल्या आवाजातील संदेश पाठवावा. वर्गात तीस मुले असतील आणि रोज पाच घरी पंधरा-पंधरा मिनिटे दूरध्वनी केला, तर सहा दिवसांत प्रत्येक घराशी एकदा बोलणे होते. रोजची ही सव्वा तासाची मेहनत आहे. म्हणून शाळा बंद असण्याच्या काळात शिक्षिकेच्या इतर कामांतून तेवढी सवड तिला मिळवून देणे ही शाळाचालकांची जबाबदारी ठरते. पडद्यावर वर्ग घ्यावयाचाच असेल तर तीस मुलांचा न घेता चार-पाच मुलांचा, वीस मिनिटांचा घ्यावा, म्हणजे प्रत्येकाला बोलावयास मिळते.

टाका कोठे घालावयाचा?

घरचा पाठ आणि शाळेचा पाठ हे दोन स्वतंत्र तुकडे राहिले तर त्यांना संमिश्र शिक्षण म्हणता येत नाही. कापडाच्या दोन तुकड्यांना टाका घालावा लागतो. मुलाने घरून आणलेला कागद, पान किंवा चित्र यांपासून शाळेतील सकाळची सुरुवात व्हावी, हा तो टाका. आपण घरी केलेल्या कामाची शाळेत विचारपूस होते, हे कळले की मूल संध्याकाळच्या कृतीची वाट पाहू लागते. याउलट घरचे काम केवळ छायाचित्र पाठविण्यापुरते उरले की त्यात लबाडी शिरते. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून आई अक्षर सुबक काढते. प्रश्न विचारला की पडद्याबाहेरून हळूच उत्तर पुरविते. हेतू प्रेमळच असतो. परंतु त्यामुळे मुलाला काय येत नाही हे शिक्षिकेला कळत नाही, आणि 'माझे मला येत नाही' एवढेच मुलाला कळते. वाकडे अक्षर वाकडेच पाठवावे. शिक्षिकेला उपयोग आहे तो त्याचाच.

वेळेच्या मर्यादेबाबतही निश्चित राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, दोन वर्षांखालील मुलांना पडदा नसावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. कमी असेल तितके चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत पाच वर्षांपर्यंत एक तास व पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी, अशी मर्यादा आहे. अभ्यासाचा पडदा निराळा आणि करमणुकीचा निराळा, अशी सूट आपणच आपल्याला देऊ नये. मुलाचे डोळे दोन्हींना सारखेच शिणतात. जेवताना व झोपण्यापूर्वी फोन दूर ठेवावा. आणि ही शिस्त मुलाला लावताना आपल्या हातात काय आहे, याकडे मोठ्यांनी एकदा पाहावे.

परप्रांतातील मराठी घरांसाठी

या मासिकाचे अनेक वाचक इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी राहतात. मुले हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी घरापुरती उरते. या घरांना व्हिडिओ कॉलचा फार चांगला उपयोग आहे, आणि त्यासाठी शिक्षक शोधावयास जावे लागत नाही. गावाकडची आजी हीच ती शिक्षिका! आधी पाहिलेल्या प्रयोगाप्रमाणे समोरचे माणूस उत्तर देणारे असेल तर दुरूनही मूल भाषा शिकते. आणि आजीइतके उत्तर देणारे माणूस दुसरे कोण?

मात्र "आजीला नमस्ते कर" एवढ्यावर हा पाठ संपू नये. एकाच चित्रमय पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक आजीकडे आणि एक मुलाकडे. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटे दोघांनी एकच पान उघडून बोलावे. गोष्ट अर्धी सांगून थांबावे. उरलेली अर्धी काय असेल ती मुलाने पुढच्या वेळी सांगावी. आजीने 'खलबत्ता' म्हटले की आईने तो मुलाच्या हातात द्यावा, वेलदोडे कुटू द्यावेत. पडद्यावरून शब्द आला आणि घरात वस्तू मिळाली म्हणजे तो शब्द मुलाचा झाला. अशा रीतीने एका वर्षात मुलाच्या पदरी किती मराठी जमा होईल, याचा अनुभव घेऊनच पाहावा.

आपल्या दाराबाहेरची मुले

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. हे मासिक वाचणाऱ्या घरात साक्षर माणूस आहे, बहुधा फोन आहे आणि संध्याकाळी थोडी सवडही आहे. आपल्याच घरी धुणीभांडी करण्यास येणाऱ्या बाईंच्या, इमारतीच्या पहारेकऱ्याच्या किंवा शेजारच्या बांधकामावरील मजुराच्या मुलाला यांपैकी काहीच नसण्याचा संभव आहे. शाळा चार दिवस बंद राहिली की आपले मूल चार दिवस मागे पडते आणि आपण ते भरून काढतो. त्या मुलाचे चार दिवस भरून काढणारे कोणी नसते. आणि अशा चार-चार दिवसांची मिळूनच तिसरीत न येणारी वाचनाची वर्षे बनतात.

म्हणून पुढच्या वेळी पावसाने वा धुराने शाळा बंद पडेल तेव्हा आपल्या मुलासाठी पाटावर शेंगांचे ढीग मांडताना आणखी एका मुलाला हाक मारावी. खर्च काहीच नाही. लागतो तो पाऊण तास. दोन मुले एकत्र बसली की त्यांच्यात बोलणे सुरू होते, मोजण्यात चढाओढ लागते, एकाची चूक दुसरा दाखवितो. जे पडद्यावर कोणी देऊ शकत नाही, ते सोबती आपल्या मुलालाही मिळतात. कोसबाडच्या पाड्यांवर शाळा अंगणात आली ती अशीच. आपल्याही अंगणात, सज्जात किंवा जिन्याच्या पायरीवर ती येऊ शकेल.